डावीकडच्या नऊ पट्ट्या

"डावीकडच्या नऊच्या नऊ पट्ट्या बाजूला टाक," भुयार सर म्हणाले, "अन् उजवीकडच्या घेऊन प्रबंध बांधून मोकळी हो."

"नाही टाकणार, सर."

मोनाली होले हे इतक्या पटकन बोलून गेली की तिचं तिलाच नवल वाटलं. अमरावतीच्या त्या संशोधन केंद्रात गेल्या पाच वर्षांत खुशालराव भुयारांना 'नाही' म्हणणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. सर नांदगाव खंडेश्वरकडचे. घरात पहिलेच शिकलेले. एका रिकाम्या खोलीत त्यांनी ही प्रयोगशाळा उभी केली होती, भंगारात निघालेला सूक्ष्मदर्शक स्वतः खोलून, पुसून चालता केला होता. रागावले की त्यांची वर्गातली मराठी गळून पडायची.

"कावून नाही टाकत? मे महिन्यात तुझं सादरीकरण आहे, माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. त्या पट्ट्यांत दोष काय ते सापडलं की टाकते. तोवर त्या माझ्या आहेत."

"मग प्रबंधावरची सहीही तोवर माझ्यापाशीच राहील," सर म्हणाले आणि त्यांनी पुढ्यातली उत्तरपत्रिका ओढली. जानेवारीतली सकाळ होती. मोनाली बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पाच वर्षांचं काम त्या एका सहीवर येऊन अडकलं होतं.

भानगड अशी होती. थोरियमच्या पातळ पापुद्र्यावर ऑक्सिजनच्या केंद्रकांचा वेगवान झोत सोडला की थोरियमची काही केंद्रकं त्यांना गिळतात, डचमळतात, ताणून लांबट होतात आणि मधोमध तुटतात. तुटलेले दोन तुकडे एकमेकांकडे पाठ करून सुसाट सुटतात. कोणत्या दिशेला किती तुकडे गेले हे कळलं, तर तुटायच्या घटकेला त्या केंद्रकाचा आकार कसा होता याचा अंदाज बांधता येतो. तुकडे काही दिसत नाहीत. म्हणून झोताभोवती प्लास्टिकच्या नखाएवढ्या पट्ट्या लावायच्या. तुकडा पट्टीत घुसला की आत बारीक जखम होते. पट्टी गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तासभर ठेवली, प्रयोगशाळेच्या भाषेत 'धुतली', की कॉस्टिक ती जखम कोरून मोठी करतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळा ठिपका दिसू लागतो. एक ठिपका म्हणजे एक तुकडा. पुढचं काम डोळ्यांचं आणि मानेचं. मोजत बसायचं.

दिल्लीच्या त्वरकावर, असा वेगवान झोत तयार करणाऱ्या यंत्रावर, मोनालीला तीन दिवस मिळाले होते. तिने झोताच्या उजवीकडे नऊ आणि डावीकडे नऊ पट्ट्या लावल्या होत्या. दोन्हीकडे पहिली पट्टी झोताशी काटकोनात, पुढची दहा अंश सरकून, आणि अशा सरकत सरकत नववी जवळजवळ झोताच्या रेषेत. या प्रयोगात निसर्गाला डावं-उजवं काही नसतं. दोन्हीकडचे आकडे जुळायलाच हवेत.

उजव्या पट्ट्या तिने मागच्या मे महिन्यात धुतल्या. डाव्या धुवायला डिसेंबर उजाडला. काटकोनातल्या पट्टीवर उजवीकडे १०१२ ठिपके निघाले, डावीकडे १०३०. एवढा फरक मोजणीत पडतोच. पण पुढे प्रत्येक पट्टीगणिक फरक वाढत गेला, आणि नवव्या पट्टीवर उजवीकडे १४३२ तर डावीकडे १७४७! उजवी बाजू सांगत होती की झोताच्या दिशेला काटकोनाच्या १.४१ पट तुकडे जातात. डावी म्हणत होती, १.७० पट.

आणि सरांचा अकरा वर्षांपूर्वीचा पेपर म्हणत होता, १.४०. अमरावतीत बसून हा माणूस कसले अणू फोडतो, असं कुत्सितपणे विचारणाऱ्या सगळ्यांची तोंडं त्या पेपरने बंद केली होती. उजवी बाजू त्याला तंतोतंत जुळत होती, मग डावीचं सरांना काय कौतुक असणार?

"झोत डावीकडे झुकला असेल," त्यांनी निकाल दिला होता.

"मग काटकोनातली पट्टी कशी बरोबर आली, सर? तीही डावीकडेच होती."

त्यावर त्यांनी आलेखाचा कागद पालथा घातला होता.

फेब्रुवारी-मार्च तिने शोधण्यात घालवले. प्रयोगशाळेतल्या नत्थुजींना तिने अठराही पट्ट्यांवर उलटसुलट क्रमांक चिकटवायला सांगितले, म्हणजे कोणती पट्टी कुठली हे मोजताना तिला कळू नये. नत्थुजींची नोकरी सव्वीस वर्षांची. कुलपं उघडणं, काचसामान धुणं, कूलरमध्ये पाणी भरणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणं ही त्यांची कामं.

"मॅडम, तेच तेच ठिपके पुन्ना मोजून काय वाढून राहिले का?" त्यांनी विचारलं.

"वाढत नाहीत, तेच तर दुखणं आहे."

आकडे तेच आले. नवीन गोष्ट एकच कळली. उजवीकडचे ठिपके पट्टीगणिक बारीक होत गेले होते. नवव्या पट्टीवर काही तर इतके पुसट होते की डोळा त्यांच्यावरून घसरून जाई. म्हणजे तुकडे तिथे होते. त्यांच्या जखमा पुऱ्या कोरल्याच गेल्या नव्हत्या. तिने थर्मामीटर तपासला. ठीक. घड्याळ तपासलं. ठीक. द्रावणाची कृती वहीत जशीच्या तशी होती: लिटरभर द्रावणाला कॉस्टिकच्या दोनशे चाळीस ग्रॅम गोळ्या.

एप्रिलच्या शेवटी ती दोन दिवसांसाठी घरी गेली. घर अकोल्याजवळ, मोगऱ्याच्या आणि भाजीच्या मळ्यात. वडील किसनराव पहाटेच फुलं घेऊन बाजारात गेलेले. आई माणिकबाई अंगणात बाज टाकून, तिच्यावर लुगडं अंथरून कुरडया वाळवत होती. दुपारी वावटळ उठली. आई विहिरीकडे होती, म्हणून मोनालीने सगळ्या कुरडया टोपल्यात भरून आत नेल्या आणि पुन्हा लॅपटॉप उघडून आलेखांत डोकं घातलं. आईचा आवाज आला तेव्हा दोघींची जेवणं नुकतीच उरकली होती.

"मोने, ह्या कुरोड्या आत कोनं आनल्या?"

"मी. वावटळ आली होती ना."

"अन् ठेवल्या कुठं, त कूलरपुढं! एवढं शिकून पोरीले एवढं समजत नाही. दोन दिवसाचं ऊन पान्यात घातलं माह्यं. पाह्य, कशा लुळ्या पडल्या!"

आईने एक कुरडई उचलून तिच्या नाकापुढे धरली. सकाळी काडकन मोडणारी कुरडई आता दोरीसारखी लोंबत होती.

"किती वेळात झालं हे?" मोनालीने विचारलं.

"काय किती वेळात?"

"मऊ पडायला किती वेळ लागला?"

"म्या काय घड्याय लावून बसली होती? जेवून उठेलोक झाल्या." माणिकबाईने टोपलं उचललं. "शेजारची मोठी आई हसन मले. होलेच्या घरी डॉक्टरीन होऊन राहिली, अन् कुरोड्या कूलरले दाखवते."

मोनाली हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे अमरावतीची वजनकाट्याची खोली आली होती.

त्या खोलीच्या खिडकीत कूलर होता, आणि त्याच्या समोरच्या टेबलावर वजनकाटा. वाऱ्याने काट्याचा आकडा हलतो, म्हणून वजन करताना कूलर बंद करायचा, हा सरांचा कडक नियम. सगळे तो पाळत. ती दोन मिनिटं झाली की नत्थुजी पुन्हा कूलर सुरू करत. कॉस्टिकची बरणी तिथेच काट्याशेजारी असायची, झाकण सैल ठेवून. घट्ट लावलं तर कॉस्टिकने ते असं धरतं की उघडता उघडत नाही. तेव्हा सैल ठेवा, हेही सरांनीच सांगितलेलं. वाऱ्याची काळजी सगळ्यांनी घेतली होती, ओलीची कोणीच नाही. कॉस्टिक पाणी ओढतं हे अकरावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि वऱ्हाडातल्या मे महिन्यात घराघरांतून कूलर दिवसभर ओली हवा फेकत असतात.

ती भिंतीला टेकून हिशेब करू लागली. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी नवी बरणी फोडलेली. पट्ट्या धुवायचा क्रमही प्रयोगशाळेच्या रिवाजाचा: आधी काटकोनातली, कारण तिच्यावर ठिपके कमी, मोजून लवकर होते, शेवटी झोताजवळची. नऊ पट्ट्यांना तीन आठवडे. दर खेपेला दोनशे चाळीस ग्रॅमच तोलले, पण त्यातलं कॉस्टिक कमी होत गेलं आणि पाणी वाढत गेलं. पट्टी जितकी झोताच्या जवळची, तितकं तिचं द्रावण पातळ. फरक ज्या क्रमाने वाढला होता, तोच हा क्रम. डाव्या पट्ट्या डिसेंबरात धुतल्या, तेव्हा बरणी नवी होती आणि कूलर बंद.

"आई, मी उद्या जाते."

"आता काय झालं? म्या काई एवढं रागावली नाही बाप्पा."

"तू नाही ग. मीच माझ्यावर रागावले आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती बडनेऱ्याला उतरली आणि तिथून थेट प्रयोगशाळेत गेली. ती जुनी बरणी कपाटात अजून होती, तळाशी ढेकळं होऊन. त्यातून दोनशे चाळीस ग्रॅम तोलून तिने लिटरभर द्रावण केलं आणि आम्लाने टायट्रेशन करून तपासलं. ताकद सहा भरायला हवी होती. साडेचार भरली. मग तिने नवी बरणी मागवली, दुसऱ्या, कोरड्या खोलीत फोडली आणि उजवीकडच्या पट्ट्या पुन्हा धुतल्या. पुसट ठिपके ठळक होऊन वर आले. नवव्या पट्टीवर १७३९.

हे सगळं तिने आधी सरांना एकट्यात सांगितलं. त्यांनी वही दोनदा वाचली.

"बरं केलं," ते म्हणाले. "चूक होती, तू पकडली. दोन्ही बाजूंचे नवे आकडे घाल प्रबंधात. मी सही करतो."

मोनालीचा श्वास मोकळा झाला. तो अर्धाच सुटला होता तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "फक्त माझ्या पेपरशी तुलना करशील तिथं एक वाक्य टाक. पद्धतीत फरक असल्यामुळं आकड्यांत फरक पडला."

"पद्धत तीच आहे, सर. तुम्हीच शिकवलीत."

"बरणी वेगळी होती."

"कूलर तोच होता."

सर खुर्चीत मागे रेलले. "पोरी, एका वाक्यानं तुझं काय जाते? तुझा आकडा तुले भेटला ना?"

"वाक्य खोटं आहे. खाली नाव माझं असेल."

"अन् माझं नाव? लोक म्हणतील, भुयारनं अकरा वर्षं कूलरची हवा मोजली. तुझ्यासाठी एक सोपा रस्ता काढून राहिलो मी, अन् तू मलेच उभं चिरतं. ते वाक्य घाल, नाहीतर सही विसर."

"मग विसरते," मोनाली म्हणाली. तिने वही उचलली आणि बाहेर आली.

सादरीकरण ठरल्याप्रमाणे झालं; सही लागायची ती त्यानंतर, प्रबंध देताना. त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर होता. सभागृहात दोन कूलर घरघरत होते. नागपूरहून तज्ज्ञ म्हणून एक बाई आल्या होत्या, पांढरे आखूड केस, आणि प्रत्येक आलेखाला "थांबा जरा" म्हणायची सवय. सर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मोनालीने झोत सांगितला, पट्ट्या सांगितल्या, आकडे सांगितले. तुलनेचा आलेख आला तशा बाई म्हणाल्या, "थांबा जरा. तुमच्या गाईडचा आकडा एक पूर्णांक चाळीस, तुमचा एक पूर्णांक सत्तर. खरा कोणाचा?"

"पद्धतीतला फरक आहे, मॅडम," सर बसल्या जागेवरून म्हणाले.

मोनालीने त्यांच्याकडे पाहिलं. इथे नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "पद्धत तीच आहे. माझा पहिला आकडा चुकला होता, आणि ज्या कारणाने तो चुकला त्याच कारणाने सरांचाही चुकला असावा." मग तिने कूलर, बरणी, सैल झाकण, धुण्याचा क्रम, सगळं सांगितलं. कुरडयाही सांगितल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने बोललं, "म्हणजे अणुविज्ञान आता कुरडईवर आलं म्हणा!" सभागृह खो-खो हसलं.

"कुरडईवरून शंका आली," मोनाली हशा ओसरायची वाट न पाहता म्हणाली. "उत्तर टायट्रेशनने दिलं. आकडे समोर आहेत, त्यांना हसून दाखवा."

हशा थांबला. त्या शांततेत दारापाशी उभ्या नत्थुजींनी अदबीने विचारलं, "मॅडम, कूलर बंद करू काय?"

या वेळी बाईसुद्धा हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "तुमच्या पट्ट्यांचं पटलं. पण अकरा वर्षांपूर्वी काय झालं ते तुम्हाला कसं ठाऊक? 'असावा' ला मी पुरावा मानत नाही."

"बरोबर आहे. त्या पट्ट्या पुन्हा धुतल्या तर कळेल. प्लास्टिकमधली जखम वर्षानुवर्षं तशीच राहते."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

"फेकल्या असतील कधीच," सर म्हणाले.

"सर काहीच फेकत नाहीत, मॅडम," मोनाली म्हणाली. "त्यांच्या कपाटात माझ्या प्रवेशपरीक्षेची उत्तरपत्रिकाही आहे."

समितीने अहवाल दोन महिने राखून ठेवला. बाहेर पडताना सर तिच्या बाजूने गेले, पण त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत तिच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही. जे तिच्या बाजूचे होते तेही दुरूनच मान हलवत. दुसरा गाईड शोध, असं एकाने चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने ती चिठ्ठी वहीत ठेवली आणि आपल्या पट्ट्या तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या. घरी तिने काही कळवलं नाही.

चौथ्या दिवशी सर आले आणि त्यांनी तिच्या टेबलावर पिशवी उपडी केली. फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या, नऊ. प्रत्येकीवर पिवळट कागदाची चिठ्ठी.

"मोजायच्या त मी मोजीन," ते म्हणाले. "तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

"चालेल. पण कोणती पट्टी कोणत्या कोनाची ते तुम्हाला कळणार नाही. क्रमांक नत्थुजी लावतील."

"माझ्यावर अविश्वास?"

"माझ्यावरही तेवढाच आहे, सर. मीही तसंच मोजते."

"लाव म्हणा क्रमांक," सर गुरगुरले. "अन् द्रावण तू कर, पण माझ्यासमोर तपास."

कोरड्या खोलीत पट्ट्या धुतल्या गेल्या. मग भुयार सर अकरा वर्षांनी पुन्हा त्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. नऊ दिवस. मध्येच ते "हं" करत, मध्येच एखादी चौकट पुन्हा मोजत. एकदा त्यांनी तिला बोलावून विचारलं, "हा ठिपका की ओरखडा?" तिने पाहिलं आणि म्हणाली, "ओरखडा." त्यांनी वाद न घालता तो खोडला.

दहाव्या दिवशी नत्थुजींनी खिशातून क्रमांकांचा कागद काढला. "माह्या नावावर काही नाही ना यात, सर? झाकण सैल म्याच ठेवत होतो."

"झाकण सैल ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं. वाचा."

काटकोनातली पट्टी जुन्या मोजणीत ८६० होती, आता ८६२. झोताजवळची तेव्हा १२०६, आता १४५६. मोनालीने भागाकार केला आणि वही त्यांच्याकडे वळवली. १.६९.

सरांनी आकडा पाहिला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"नत्थुजी," ते म्हणाले, "तो वजनकाटा उचला तिथून. आजच."

पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला दोघांच्या सहीने दुरुस्तीचं पत्र लिहायचं ठरलं. मसुदा सरांनी केला. पत्र इंग्रजीत होतं, नीटनेटकं, दोन परिच्छेदांचं. जुना आकडा 'किंचित कमी' होता, असं त्यात दोन ठिकाणी म्हटलं होतं. मोनालीने पेन घेतलं आणि दोन्ही ठिकाणचं 'किंचित' खोडून वर लिहिलं, सतरा टक्के.

"अव, काही इज्जत राहू देशील का नाही माझी?" सर ओरडले. "किंचित म्हटलं त काय आभाळ कोसळते?"

"सतरा टक्के म्हणजे किंचित नाही, सर."

"सही माझी आहे खाली."

"माझीही आहे. आणि पहिलं नाव माझं आहे."

"हाव का? पहिलं नाव!" सरांनी कागद तिच्या हातातून ओढला. "मग तूही तशाच ओल्या बरणीतून कॉस्टिक घेतलं होतं, ते लिहिलं का कुठं? का चूक फक्त म्हाताऱ्याची?"

"चौथ्या ओळीत आहे."

त्यांनी चौथी ओळ वाचली. ती तिने काल रात्री मसुद्यात स्वतःच घातली होती, नावासकट, तारखेसकट. त्यांनी ती पुन्हा वाचली, एका स्वल्पविरामावर बोट ठेवलं. मग हात पुढे केला.

"पेन दे. अन् तो प्रबंधाचा फॉर्मही आण, एकदाच बसलो आहे तोवर."

मोनालीने पेन दिलं. फॉर्म आणायला ती उठली, पण आधी सतरा टक्क्यांखाली सही पूर्ण होईपर्यंत तिथेच उभी राहिली.